आठ डोळे पुसणारी

ते भांडण झालं तेव्हा ती भांडारात फडकी दुमडत बसली होती. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे कान लावायचीही गरज नव्हती. मिस्तरीचा आवाज चढला की पत्रासुद्धा थरथरायचा.

“काच लावा नाहीतर गोणपाट लावा, त्याला दोन्ही सारखंच!” मिस्तरी ओरडत होता.

“अहो, पण आरपार दिसतंय की!” हा साहेब. तेव्हा तो नुकताच लागला होता, मिशीलाही अजून धीर आला नव्हता. “रंग उडून डोळ्यांवर बसतो ही तक्रार तुमचीच ना? पुढे एक काच बसवली की झालं काम.”

“आरपार तुम्हाला दिसतंय. आग शोधायला तुम्ही बसणार आहात का वर लटकून?”

“जरा मर्यादेत बोला.”

“मर्यादेतच बोलतोय, म्हणून आत बोलतोय. ही घ्या किल्ली. लावा काच आणि सांभाळा तुम्हीच.”

किल्ली टेबलावर आपटली. मग साहेब हळूच म्हणाला, “बरं, नको काच. उचला ती किल्ली.”

ती इकडे तोंडात पदर घालून हसली. बायका नळावर भांडतात, पुरुष काचेवर भांडतात, तिला वाटलं. पुढे आठवडाभर तिने मिस्तरीच्या आवाजात “वर लटकून?” असं म्हणून बायकांना हसवलं. भांडणाचा ठसका तेवढा लक्षात राहिला. ते कशावरून होतं हे मात्र फळीच्या मागे पडलेल्या चमच्यासारखं राहून गेलं, आणि सापडायला सव्वीस वर्षं लागली.

कारखाना लोखंडी कपाटांचा. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा आणि मग रंगाच्या खोल्यांत न्यायचा. रंगाच्या खोल्या चार. तिथे बायका तोंडाला जाळी बांधून पिचकारीने रंग मारायच्या, आणि सगळीकडे थिनरचा तो गोडसर, डोकं धरणारा वास. ठिणगी पडली तर घाईघाईने हाक मारायलाही वेळ मिळू नये अशी जागा. म्हणून प्रत्येक खोलीत दोन कोपऱ्यांत दोन डोळे टांगलेले. डोळे म्हणजे मुठीएवढ्या लोखंडी डब्या, तोंडाशी एक चकचकीत चकती. जाळ दिसला की ते सगळ्या कारखान्याला उठवायचे.

ती लागली झाडूपोछ्याला. नवरा गेलेला, पोटी मूल नाही, आणि पदरात चौदा वर्षांचा दीर. लग्न होऊन आली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि तिच्याच ताटात जेवायचा. धाकटा म्हणायची ती त्याला, पुढे सगळेच म्हणायला लागले. रडायला सवड नव्हती. तिने झाडू धरला.

मिस्तरीने तिला दुसऱ्याच महिन्यात हेरली. म्हणाला, “तू खिडकीची काच पुसतेस ना, ती मी पाहिली. कोपरे सोडत नाहीस. ये इकडे, तुला चांगले डोळे दाखवतो.”

शिडीवर चढवून त्याने तिला ती चकती दाखवली. “ही काच नव्हे बरं. हा खडा आहे. जाळ जो उजेड टाकतो ना, त्यातला काही आपल्याला दिसतो आणि काही दिसत नाही, नुसता उबेसारखा असतो. हे डोळे तो न दिसणारा उजेड बघतात. तोही नुसता नाही, थरथरणारा. जाळ कधी स्थिर उभा राहतो का? रांगणाऱ्या पोरासारखा हलतच असतो.”

“मग मला कशाला बोलावलंत? बघतायत ते बघू द्या की.”

“यांना पापण्या नाहीत, म्हणून. रंगाचा थर बसला की आंधळे. तू त्यांच्या पापण्या.”

झालं. त्या दिवसापासून ती डोळेवाली. झाडू दुसरीच्या हाती गेला आणि तिच्या हातात आलं मऊ झालेलं सुती फडकं आणि स्पिरिटची बाटली. साबण नाही, तेलकट हात नाही, वरून खाली एकदा आणि आडवं एकदा.

थिनर साठवायच्या खोलीत आणखी एक नळी होती, वाफ मोजायची. तिच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला डोळा, मध्ये खोलीतली हवा. तिला ते काही केल्या कळेना. मिस्तरीने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, “हे बघ, रात्री पातेल्यात दूध किती ठेवलंस ते तुला माहीत असतं. सकाळी बघितलंस तर चार बोटं खाली. मांजर दिसलं का?”

“नाही.”

“पण येऊन गेलं हे कळलं ना? या दिव्याचा ठराविक उजेड ती वाफ खाते. पलीकडे किती कमी पोचला त्यावरून कळतं, खोलीत मांजर केवढं आहे ते. जे आहे ते सगळेच बघतात, बाई. काय कमी झालं ते बघायला शिक.”

ती शिकली. अक्षराची ओळख सहीपुरती, पण धूळ तिला पुस्तकासारखी वाचता यायची. कुठली वस्तू कालची हलवलेली, कुठली महिनाभर जागची न हललेली, बोट न लावता सांगायची.

दर सोमवारी सकाळी, लाइन सुरू व्हायच्या आत, डोळ्यांची परीक्षा. मिस्तरी भिंतीवरच्या पेटीची किल्ली आडवी फिरवायचा, म्हणजे भोंगा वाजत नाही, नुसता लाल दिवा लागतो. मग ती डोळा पुसायची, तो जाळासारखा थरथरणारा हातदिवा डोळ्यासमोर धरायचा, आणि पेटीपाशी उभा असलेला माणूस लाल दिवा लागला की ओरडायचा, “दिसलं!” आठ डोळे, आठ वेळा दिसलं. कारखान्यात कुणी कामात चुकलं तरी बायका म्हणायच्या, “दिसलं!” एकाचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा सगळ्या खोल्या “दिसलं, दिसलं” म्हणून ओरडल्या होत्या.

धाकट्याने यंत्रांचं शिक्षण पुरं केलं तेव्हा तीच मिस्तरीकडे गेली. “माझ्या दिराला हाताखाली घ्या.” मिस्तरीने विचारलं, “तुझ्यासारखा कोपरे पुसणारा आहे का?” ती म्हणाली, “मीच वाढवलाय.” त्याने घेतला. मग पेटीपाशी उभं राहून दिसलं म्हणायचं काम धाकट्याकडे आलं. एवढ्या आनंदाने ओरडायचा की मिस्तरी म्हणायचा, “अरे, आग सापडली नाहीये, दिवा लागलाय.”

धाकट्याचं लग्न झालं, वेगळं घर झालं. जाऊ चांगली होती, पण भल्या पहाटे आपल्या कामाला निघायची. म्हणून दुपारचा डबा वहिनीचाच राहिला. सकाळी भरलेला डबा त्याच्या टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवायचा आणि कालचा रिकामा उचलायचा. तो कधी धुऊन ठेवायचा नाही. ती म्हणायची, “अरे, निदान पाणी तरी ओतत जा.” तो म्हणायचा, “मग तू काय करशील घरी जाऊन?”

मिस्तरी थकला, घरी बसला, आणि दोन वर्षांत गेलाही. किल्ली धाकट्याकडे आली. तिला कोण अभिमान! साहेबसुद्धा एव्हाना मोठा साहेब झाला होता आणि मिशी पांढरी.

मग नवी भट्टी आली. रंगवलेली कपाटं आकड्याला लटकून भट्टीत जायची आणि तापून, हेलकावे खात बाहेर यायची. त्या हलत्या उबेला डोळे फसायला लागले. जाळ नाही, धूर नाही, आणि भोंगा मात्र बोंब मारतोय. सगळे बाहेर पळायचे, लाइन अर्धा तास बंद. आठवड्यात तीनदा, चारदा. साहेब धाकट्याला बोलवायचा आणि धाकटा खाली मान घालून बाहेर यायचा. तिने त्याच्या डब्यात एक घास जास्त घालायला सुरुवात केली. दुसरं काय करणार?

एका सोमवारी ती आली तर आठही डोळ्यांपुढे स्वच्छ, पारदर्शक झाकणं. चार चार स्क्रूंनी बसवलेली.

“हे काय रे?”

“तुझ्या डोळ्यांना चष्मे आणले, वहिनी,” धाकटा हसत म्हणाला. “आता रंग चष्म्यावर बसेल, आतला खडा खराब होणार नाही. तू वरून पुसलंस की झालं.”

“आणि भोंगा?”

“तोही सुधारला.”

ती खूश झाली. चष्मे नुसते चकाचक. पुसायला तर काय सोपे! पुढच्या सोमवारी तो म्हणाला, “तुझे गुडघे दुखतात. तू पुसून वहीत सही करून जात जा. दिवा दाखवायचं मी बघतो, जेवायच्या सुट्टीत.” तिच्यासाठी बसायला एक खुर्चीही आणून ठेवली. शेजारणीला तिने सांगितलं, “बघा, पोटचा नसून काळजी आहे.” वहीत दर सोमवारी दोन सह्या पडायच्या. पुसलं, तिची वाकडीतिकडी. दिसलं, त्याची झोकदार.

भोंगा सात महिने वाजला नाही. सगळे म्हणायचे, धाकट्याच्या हाताला गुण आहे.

आठव्या महिन्यात, एका सोमवारी भर दुपारी, तिसऱ्या खोलीत थिनरच्या चिंध्यांचा डबा पेटला. तिथे एक चणीने बारीक मुलगी रंग मारायची, तिला सगळे चिमणी म्हणायचे. कानावर आवाज बंद करायच्या टोप्या, पाठ डब्याकडे. जाळ कमरेएवढा चढला, दोन डोळे वरून बघत होते, आणि भोंगा गप्प. बाही पेटली तेव्हा चिमणीला कळलं. शेजारच्या खोलीतल्या बायकांनी ओली गोणपाटं टाकून विझवलं. हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलून निघाला.

चौकशी साहेबाच्या खोलीत झाली. बाहेरचे दोन अधिकारी आले होते. डोळेवाली भिंतीशी उभी, कारण खुर्च्या पुरल्या नाहीत.

“डोळ्यांनी सूचना का दिली नाही?” अधिकाऱ्याने विचारलं.

साहेबाने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने कागदाकडे बघितलं.

“चकती मळकी असेल तर डोळ्याला दिसत नाही,” तो म्हणाला. “पुसायचं काम या बाईंकडे आहे. वय झालंय त्यांचं. नजर कमी झालीय.”

या बाई. छत्तीस वर्षं वहिनी, आणि आज या बाई. तिला आधी वाटलं, खोलीत आणखी कुणीतरी बाई आहे. तिने बाजूला बघितलंसुद्धा.

“तुम्ही पुसलं होतं का?” अधिकाऱ्याने तिला विचारलं.

“त्या दिवशी सकाळीच पुसलं होतं. लख्ख.” ती धाकट्याकडे बघून म्हणाली, “सांग की रे.”

धाकट्याच्या बोटांत पेन होतं, त्याचं टोपण तो काढत होता आणि लावत होता. अधिकाऱ्याने काहीतरी लिहिलं.

घरी आली ती चहासुद्धा न करता बसली. दिराने आपल्यावर ढकललं, हे एक दुखणं. पण त्याहून दुसरंच तिला टोचत होतं. डोळे मळके नव्हते. मग दिसलं का नाही? मिस्तरी असता तर म्हणाला असता, बाई, पातेल्यात बघ, काय कमी आहे?

आणि तिला कळलं काय कमी होतं. सात महिने तिने पेटीपासून कुणाचंही “दिसलं” ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी गेली आणि हातदिव्याचं कपाट उघडलं. दिवा आपल्या जागी उभा होता. मुठीवर धूळ, बटणावर धूळ, आणि धुळीवर पिचकारीच्या रंगाची बारीक करडी साय. असली साय आठ-पंधरा दिवसांत धरत नाही, तिला महिने लागतात. त्या दिव्याला कुणी हात लावलाच नव्हता. वहीत मात्र दर सोमवारी दिसलं, दिसलं, दिसलं.

तिथेच तिला फळीमागचा तो चमचा सापडला. पत्र्याची भिंत, आपटलेली किल्ली, आणि “काच लावा नाहीतर गोणपाट लावा.” चष्म्यातून माणसाला आरपार दिसत होतं, जाळाचा तो न दिसणारा उजेड मात्र तिथेच अडत होता. सात महिने ती डोळ्यांवरची पट्टी चकाचक पुसत होती. गोणपाट असतं तर निदान कुणाच्या नजरेला तरी आलं असतं!

लाइन सुरू व्हायला दहा मिनिटं होती. बायका जमल्या होत्या, चिमणीही हाताला पट्टी बांधून बसायच्या कामावर आली होती. धाकटा आत आला तशी डोळेवाली म्हणाली, “किल्ली आडवी कर आणि पेटीपाशी उभा राहा.”

“आता नको, वहिनी. साहेब…”

आता पुन्हा वहिनी. “उभा राहा. पूर्वी राहायचास तसा.”

सगळ्या बघत होत्या. तो उभा राहिला. तिने तिसऱ्या खोलीतल्या डोळ्यापुढे शिडी लावली, गुडघ्यांना दोन शिव्या दिल्या आणि चढली. चष्मा पुसला. वरून खाली एकदा, आडवं एकदा. मग दिवा धरला.

“दिसलं का?”

पेटीवरचा लाल दिवा लागला नाही.

“अरे, दिसलं का?”

“नाही,” धाकटा पुटपुटला.

“मोठ्याने सांग. इतकी वर्षं तुझा आवाज पत्र्याच्या पार ऐकू यायचा.”

तिने फडक्यात गुंडाळून आणलेला पेचकस काढला आणि चार स्क्रू एकेक करून खाली टाकले. टण, टण, टण, टण. चष्मा काढला, दिवा पुन्हा धरला. पेटीवर लाल दिवा भक्कन लागला. धाकट्याच्या नाकासमोर लागला.

मागून बारीक आवाज आला, “दिसलं, मावशी.” चिमणी होती.

ती खाली उतरली तेव्हा धाकटा तिच्या मागे भांडारापर्यंत आला. “साहेबांनीच सांगितलं होतं, वहिनी. लाइन थांबली की ते मला खायला उठायचे. मला वाटलं थोडे दिवस, भट्टीचं काहीतरी करू आणि मग काढू.”

“साहेबाचं मला ठाऊक आहे. त्याला सव्वीस वर्षांपूर्वी सांगितलेलं मी माझ्या कानाने ऐकलंय. तू मला का नाही सांगितलंस?”

तो फडक्यांच्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाला, “सांगितलं असतं तर तू पुसलं नसतंस. आणि तू पुसत होतीस म्हणून कुणी विचारलं नाही.”

घ्या. तिच्या फडक्यावर सगळ्यांचा विश्वास होता, आणि त्याच फडक्याचा त्याने पडदा केला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं, कापेपर्यंत कुरवाळल्यासारखंच वाटतं. तिने दुमडलेली फडकी पुन्हा उलगडली आणि पुन्हा दुमडली.

“आणि त्या खोलीत मी बाई कधीपासून झाले रे?”

तो रडायला लागला. लहानपणी तो रडला की ती पदराने पुसायची. आज हात जागचा हलला नाही, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

त्याच दुपारी उरलेले सातही चष्मे निघाले. आठवा तिने काढलेला. डोळे भट्टीपासून जरा वळवून बसवले, फसवा भोंगा खरोखरच कमी झाला. एवढंच करायचं होतं, आणि एवढं करायला एका मुलीचा हात भाजावा लागला. कागदावर मात्र जे लिहिलं गेलं होतं ते तसंच राहिलं, चकती मळकी होती म्हणून. साहेबाने ते बदललं नाही. धाकट्यालाही बदलून घेता आलं असतं, पेटीवरचा लाल दिवा त्याने डोळ्यांनी पाहिला होता. त्याने सही केली. झोकदार. आणि महिन्याअखेरीस साहेबाने तिला बोलावून, खुर्चीवर बसवून, सांगितलं की तुम्ही खूप केलंत, आता विश्रांती घ्या.

“घेते,” ती म्हणाली. “डोळ्यांचं कोण बघणार?”

“ते बघू आम्ही.”

“बघाल हो. आरपार बघाल.”

साहेबाने टेबलावरचा पंखा उगाच सरकवला.

बायका म्हणाल्या, “भांड, वर तक्रार कर, आम्ही येतो.” चिमणी तर पट्टी बांधलेल्या हाताने अर्ज लिहून घेऊन आली. तिने तो वाचून घेतला आणि म्हणाली, “तुझ्या हातासाठी कर, मी सही देते. माझ्यासाठी नको. माझं भांडण कागदावर मावणारं नाही.” चिमणीने आपल्यापुरता अर्ज दिला आणि साक्षीला खाली तिची वाकडीतिकडी सही होती. त्या कागदाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल.

शेवटचा दिवस सोमवारच आला. ती लवकर गेली. शिडी, फडकं, स्पिरिट. चिमणीला पेटीपाशी उभं केलं आणि आठही डोळ्यांना दिवा दाखवला. चिमणीचा आवाज मुळातच बारीक, तिसऱ्या खोलीपाशी तर तो आणखी बारीक झाला. पण आठही वेळा आला. मग थिनरच्या खोलीतली नळी दोन्ही टोकांनी पुसली. दिवा कपाटात ठेवण्याआधी त्याची मूठ, बटण, खाच पुसली. म्हणजे पुढच्या सोमवारी कुणाला वाचायचंच असेल तर धूळ कोऱ्या पानापासून बसायला लागेल. फडकी धुऊन दांडीवर घातली. किल्लीचं तिला काही देणंघेणं नव्हतं, ती कधी तिची नव्हतीच.

मग पिशवीतून डबा काढला. सकाळी भरावा की नाही याचा विचार करायला ती ओट्यापाशी उभी राहिली होती, आणि विचार होईपर्यंत हातांनी भरून टाकला होता. धाकट्याची खोली रिकामी होती. तिने डबा टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला आणि शनिवारचा रिकामा उचलला.

हलका लागला म्हणून उघडून बघितला. धुतलेला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने आत बोट फिरवलं. कडेच्या खाचेत तेलाचा थर तसाच होता.

झाकण लावलं, पिशवीत घातला, आणि घरी जाऊन पुन्हा घासला.